दावं राखलं

आमच्या हिर्डस मावळात गाडी म्हटलं की बरीच वर्षं एकच अर्थ होता, तो म्हणजे जीप. शहरातल्या माणसाला गाडी म्हणताच मोटारकार दिसते. आम्हाला दिसायचा ताडपत्रीचा हूड आणि मागं लोंबकळणारी माणसं. भोरहून महाडकडं जाणारा रस्ता वरंधा घाटाच्या दिशेनं चढत जातो. त्या रस्त्यापासून आमची वाडी आत सात किलोमीटर. त्या सात किलोमीटरला कागदावर रस्ता म्हणायचे. पाऊस लागला की त्याचं खाचर व्हायचं. एसटी फाट्यावर उतरवून जायची, पुढं ज्याचे त्याचे पाय. आजारी माणूस असला की झोळी करून खांद्यावर न्यायचा.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या फौजेला विलीज कंपनीनं जी जीप दिली, तिचीच जुळणी महिंद्रानं स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबईत सुरू केली. माझी जीप त्याच घराण्यातली. एमएम ५४०, प्यूजोचं डिझेल इंजिन, साल १९८७, नंबरपाटी एमएच सुरू व्हायच्या आधीची. १९९३ साली एका ठेकेदाराकडून ७८ हजारांना घेतली. बैलजोडी विकली, दोन म्हशी विकल्या, बाकीचं पतसंस्थेचं कर्ज. आबा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. "बैल इकून लोखंड आणलं," एवढंच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. नवव्या दिवशी धुवट धोतर नेसून पुढच्या सीटवर बसले आणि म्हणाले, "चल बाजाराला."

साध्या गाडीला दोन चाकं ओढतात, हिला चारही. चिखल आला की खाली उतरून पुढच्या चाकांच्या हबचं लॉक हातानं फिरवायचं, मग गिअरशेजारचा छोटा दांडा टाकायचा. हळू गिअरला टाकली की माणसाच्या चालीनं चालायची, पण थांबायची नाही. बैल चिखलात गुडघे टेकतो तशी जरा वाकायची, पाटे करकरायचे आणि मग वर यायची. अगदीच रुतली तर मागं जाड सोल ठेवलेला असायचा. तो पुढं बांधायचा, आठ-दहा गडी ओढायला लागायचे.

शेणखत, भाताची पोती, घराची कौलं, लग्नाचं वऱ्हाड, सगळं तिनं वाहिलं. नाचणीची कणसं खळ्यावर पसरून वरनं जीप फिरवली की मळणी लवकर आटपायची. रात्री तिच्या दिव्यांच्या उजेडात उफणणीही केलेली आहे.

पण वाडीनं तिला ओळखलं ते रात्रीच्या हाकेनं. पावसाळ्यात मध्यरात्री दाराची कडी वाजली की कारभारीण आधी उठायची आणि चुलीवर पाणी ठेवायची. मी हीटर देऊन इंजिन तापेपर्यंत बिनसाखरेचा चहा घोटभर घ्यायचा आणि निघायचं. साप चावलेला, तापानं फणफणलेला, झाडावरून पडलेला, सगळे याच गाडीतून भोरला गेले. आजाऱ्याचे पैसे घ्यायचे नाहीत हे आबांनीच ठरवून दिलं होतं. लोकांनाही ते फुकट नको असायचं. सुगीला कुणी पायलीभर तांदूळ आणून ठेवायचं, कुणी दोन दिवस लावणीला येऊन जायचं.

एक पोरगी तर गाडीतच जन्मली. फाट्याच्या अलीकडं ओढ्याला पाणी आलेलं, ते उतरेपर्यंत बाळाला दम नव्हता. बायांनी लुगडी आडवी धरली, मी ओढ्याकडं तोंड करून उभा राहिलो. रडणं ऐकू आलं तेव्हा पाणी उतरलं की नाही हे बघायचंही भान राहिलं नाही. त्या पोरीचं पाळण्यातलं नाव वेगळं आहे, पण वाडी तिला अजून जीपी म्हणते. काही माणसं मात्र परत आणताना मागच्या फळीवर आडवी आणावी लागली. त्यात आबाही होते. त्या दिवशी सगळी वाट मी दुसऱ्या गिअरलाच आणली. घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मग रस्ता आला. पंतप्रधान ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली, आमच्या वाडीवर डांबर पडायला २०१६ उजाडलं. त्याआधी दोन वर्षं राज्यात १०८ नंबरची ॲम्ब्युलन्स सुरू झालेली होती. डांबर पडल्यावर ती थेट देवळापर्यंत यायला लागली. घरटी मोटारसायकल झाली, दुधाचा पिकअप दारात येतो. या रस्त्यासाठी मी स्वतः तालुक्याला किती अर्ज दिले असतील, त्याची गणती नाही. रस्ता झाला त्याचा आनंदच आहे. पण रात्रीची कडी वाजायची थांबली. जीप मांडवाखाली उभी राहिली आणि कोंबड्या तिच्या सीटवर अंडी घालू लागल्या.

शेवटचं मोठं काम तिनं २०२१च्या जुलैत केलं. पावसानं वरंधा घाट जागोजाग खचला, पलीकडं महाड तालुक्यात तळियेवर दरड कोसळली. आमचंही डांबर दोन ठिकाणी वाहून गेलं. पिकअप अडकून पडला आणि चार दिवस वरच्या दोन वाड्यांना पीठमीठ, औषधं जीपनंच पोचवली.

पंधरा वर्षं झाल्यावर गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. माझी २००२ पासून चार वेळा झाली होती, पाचवी २०२२ला आली. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून सहाशेची फी पाच हजार झाली होती. फीचं एवढं काही नव्हतं. चॅसीला गंज धरला होता, डिझेल पंप काम मागत होता, सुटे भाग मिळत नव्हते. मेस्त्रीनं खर्च सांगितला तो एका वर्षाच्या भातातून निघणारा नव्हता. मुलगा म्हणाला, "आण्णा, माझ्या लेकीची फी भरायची का हिची?" यावर काय बोलणार?

भंगारवाला चाळीस हजार म्हणाला. पुण्याचा एक तरुण दीड लाख द्यायला तयार झाला. त्याच्या मित्रांचा जीपवाल्यांचा गट आहे, रविवारी मुद्दाम चिखल शोधून त्यात गाड्या घालतात. आमची हयात चिखलातून बाहेर पडण्यात गेली आणि ही पोरं डिझेल जाळून आत शिरतात! पण पोरगं चांगलं. पँटची पर्वा न करता गाडीखाली आडवा झाला, गंज बघितला आणि म्हणाला, "काका, हिला कापू देणार नाही." तिथंच माझं ठरलं.

वाडीला कळलं तशी माणसं येऊन बघून जायला लागली. शेजारची म्हातारी म्हणाली, "आरं लेका, तुझी एकट्याची हाय व्हय ती? आमाला इचारलंस का?" मी म्हटलं, "आता इचारतो, मावशी." ती बॉनेटवर हात ठेवून जरा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "जाऊ दे. उभ्या उभ्या कुजण्यापरीस चालंल तरी." जीपी सासरहून फोनवर म्हणाली, "काका, फोटो तरी काढून ठेवा."

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या. कारभारणीनं हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मी त्याला सगळं समजावून दिलं. थंडीत हीटर जास्त वेळ दे. दुसरा गिअर हलक्या हातानं घाल. उतारावर लाव, सेल्फनं दगा दिला तर ढकलायला माणसं शोधावी लागत नाहीत. तो मोबाइलमध्ये लिहून घेत होता. जनावर विकताना आमच्यात दावं देत नाहीत, ते घरी राखतात. म्हणून मागचा सोल मी काढून घेतला. त्यानं काही विचारलं नाही. गाडी वळणाआड गेली तरी इंजिनाचा आवाज खालच्या खिंडीपर्यंत येत राहिला. कारभारीण आत गेली आणि मांडव झाडायला लागली.

पुढच्याच पावसाळ्यात रात्री दोनला कडी वाजली. खालच्या आळीतला पुतण्या भिजून उभा होता. "आण्णा, गाडी..." म्हणाला आणि गप्प झाला. त्याच्या बापाच्या छातीत कळ आली होती. १०८ला फोन लागला होता, पण वाटेत दरडीची माती आलेली, ॲम्ब्युलन्स तिच्या पलीकडं थांबणार होती. जीप असती तरी त्या ढिगावरून गेली नसती असं मुलगा म्हणाला. खरंही असेल. मी खुंटीवरचा सोल काढला. बाजल्याला बांधला, दांडा घातला आणि आम्ही सहा जण खांद्याला लागलो. कितीतरी वर्षांनी ती वाट पायांनी उतरत होतो. गडी वाचला. सोल धुऊन, वाळवून परत खुंटीला टांगला आहे.