साठ सेकंद आणि एक अन्डू

भूल देणं म्हणजे झोपवणं, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्यात वेगवेगळी औषधं असतात. एक झोपवतं, एक वेदना मारतं आणि एक स्नायू ढिले करतं. हे तिसरं प्रकरण जरा भीतीदायकच. कारण श्वासाचे स्नायूही त्यात आले. औषध गेलं की पेशंटचा श्वास बंद, आणि तेवढ्यात भूलतज्ज्ञाने घशातून नळी घालायची. नाही गेली तर? मास्कनेही हवा आत जाईना तर?

म्हणून मिनिटभरात चढणारं आणि काही मिनिटांत उतरणारं औषध हवं. असं एक १९५१ पासून वापरात आहे, सक्सिनिलकोलीन. आपल्याकडचे डॉक्टर त्याला 'स्कोलीन' म्हणतात. पण त्याचे नखरे फार! रक्तातलं पोटॅशियम वाढवतं, मोठ्या भाजलेल्या पेशंटमध्ये तर हृदय थांबवू शकतं. शिवाय ते उतरवणारं एन्झाइम काहींमध्ये जन्मतःच कमी असतं (आपल्याकडे आर्य वैश्य समाजात हे जास्त आढळतं). त्यांच्यात मिनिटांचं काम तासांवर जातं.

याला पर्याय म्हणून ऑर्गॅनॉन कंपनीने रॅपाक्युरोनियम आणलं. अशा औषधांची चाचणी मोठी मजेदार असते. मनगटाजवळच्या नसेला दोन सेकंदांत चार बारीक झटके द्यायचे आणि अंगठा किती हलतो ते मोजायचं. चौथ्या हालचालीला पहिलीने भागायचं, उत्तर ०.९ किंवा जास्त आलं की ताकद परतली. आपल्या लोड टेस्टसारखा स्वच्छ आकडा. ऑगस्ट १९९९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएची परवानगी मिळाली... आणि मार्च २००१ मध्ये कंपनीने औषध बाजारातून परत घेतलं. पेशंटच्या श्वासनलिका आवळत होत्या, काही मृत्यूही झाले होते.

अंगठा खोटं बोलला नव्हता हो. बोंब फुप्फुसात होती. तिथल्या नसांवर एम-२ नावाचा रिसेप्टर असतो, श्वासनलिका आवळणाऱ्या संदेशाला लागलेला ब्रेकच म्हणा ना. रॅपाक्युरोनियम नेमका तो ब्रेक काढत होतं.

चाचणी करणारे झोपले होते का? मला नाही वाटत. श्वासनलिका आवळल्याच्या नोंदी चाचण्यांतही होत्या. पण नळी घातल्यानेसुद्धा तसं होतं, मग दोष कुणाचा? आणि गणितही निर्दय आहे. हजारात एकाला होणारी गोष्ट एकदा तरी दिसण्याची ९५ टक्के खात्री हवी असेल, तर सुमारे ३,००० पेशंट लागतात. टेस्टिंगवाल्यांना शिव्या घालण्याआधी हा आकडा आठवावा.

स्कॉटलंडमधल्या ऑर्गॅनॉनच्याच प्रयोगशाळेत उलटा विचार झाला. औषध आपोआप उतरायची वाट कशाला बघायची? अन्डूच देऊ! सुगामाडेक्स हे साखरेच्या रेणूंचं कडं. ते रोक्युरोनियमला पोटात घेऊन बसतं. युरोपात २००८ मध्ये परवानगी मिळाली. एफडीएने मात्र त्याच वर्षी अॅलर्जीच्या शंकेने नाकारलं आणि डिसेंबर २०१५ मध्ये हो म्हटलं.

तरी हा अन्डू एका क्लिकचा नाही. आणीबाणीचा डोस किलोला १६ मिलीग्रॅम, म्हणजे ७० किलोच्या माणसाला १,१२० मिलीग्रॅम. हाताशी २०० मिलीग्रॅमच्या व्हायल असतील तर सहा उघडायच्या, सिरिंजमध्ये भरायच्या. समोर पेशंटचा श्वास थांबलेला असताना.