आधी ग्रुपिंग, मग झिरोइंग

दिल्लीत पोस्टिंग झालेल्या माणसाच्या सामानात विंडसर्फिंगचा बोर्ड असला, की त्याला पहिल्या दिवसापासून उत्तरं द्यावी लागतात. माझा बोर्ड २२० सेंटीमीटर लांब आणि ९५ सेंटीमीटर रुंद. मुंबईहून ट्रकमधून बाकी सामानाबरोबर आला आणि आता सरोजिनी नगरातल्या घरात सोफ्यामागे उभा असतो. हे एकेकाळचं विनय नगर. जुनी दुमजली क्वार्टर्स पाडून आता उंच इमारती उठल्यात. खालच्या पार्किंगमध्ये रविवारी मी सामान उघडलं, की मंत्रालयांतली शेजारी मंडळी जमतात. "साहब, ये छोटा हवाई जहाज है क्या?" हा प्रश्न ठरलेला.

प्रश्न चुकीचा नाही. फॉइल म्हणजे पाण्याखालचं छोटं विमानच. बोर्डाच्या खाली ९५ सेंटीमीटरचा उभा दांडा, त्याला आडवं धड, धडाच्या पुढे मोठा पंख आणि मागे छोटा. वेग आला की पुढचा पंख बोर्डाला पाण्याबाहेर उचलतो आणि माणूस त्या दांड्यावर तरंगत जातो. लाटांचा मार नाही, आवाज नाही. पण एक गोम आहे. पंखाची उचल वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दुप्पट झाला तर उचल चौपट. जो पंख मंद वाऱ्यात जेमतेम उचलतो, तोच झोत आला की बोर्डाला वर फेकतो. पंख पाण्याबाहेर डोकावला की हवा ओढतो, उचल एका क्षणात संपते आणि माणूस शिडासकट तोंडावर आपटतो.

ऑलिम्पिकमध्ये बीजिंग २००८ पासून टोकियोपर्यंत आरएसएक्स नावाचा बोर्ड होता. पॅरिस २०२४ ला त्याची जागा आयक्यू फॉइलने घेतली. आपल्या इबाद अलीने २०२३ च्या हांगझोऊ एशियाडमध्ये कांस्य मिळवलं ते आरएसएक्सवर. म्हणजे आपल्याकडे ज्या पिढीने घाम गाळला, ती जुन्या बोर्डावर वाढलेली. नव्या प्रकारात सगळ्यांचं सामान सारखंच. पॅरिसला पुरुषांना ९ चौरस मीटरचं शीड आणि ९०० चौरस सेंटीमीटरचा पुढचा पंख होता, मग वजन ६५ असो की ९०. मोठं शीड घेतो, छोटा पंख लावतो, असलं काही चालत नाही. हातात उरते ती फक्त जुळवणी. डोलकाठीचा पाया खाचेत पुढे-मागे किती, बूम किती उंच, हार्नेसच्या दोऱ्या किती लांब, पायपट्टे कुठे, शिडाला ओढ किती आणि मागच्या पंखाखाली पाचर केवढी.

हे सगळं इतकं सांगायचं कारण एक हवालदार. मूळचा मालवणचा, कोळ्याचा मुलगा, माझ्या जुन्या पलटणीतला. मतलई वारा कधी पडेल आणि खारा कधी उठेल हे त्याला घड्याळ न बघता कळतं. आरएसएक्सवर त्याने आठ वर्षं काढली. वय ३१, वजन ६८ किलो. दीड महिन्याने मुंबईत निवड चाचणी होती. तीत नाव आलं तर अजून एक हंगाम पाण्यात, नाही तर परत पलटणीत. खेळाडू जवानाच्या आयुष्यात ही रेघ फार स्पष्ट असते. कामासाठी आठवडाभर दिल्लीत आला होता. फोन केला, "साहेब, तुमचा बोर्ड अजून आहे ना? रविवारी येऊ का?"

आला तो वही घेऊनच. तीन आठवड्यांची नोंद, स्वच्छ अक्षरात. वारा, भरती-ओहोटी, प्रत्येक मोजमाप आणि शेवटच्या रकान्यात शेरा. बहुतेक शेरे एकच: "उसळला. पडलो." मी पानं उलटत होतो. सोमवारी पाचर बदलली आणि बूम वर घेतला. मंगळवारी पाया दोन सेंटीमीटर मागे, दोऱ्या आखूड. बुधवारी पाचर पुन्हा जुनी, पायपट्टे आत. सतरा दिवसांत एकही जुळवणी दोनदा वापरलेली नव्हती.

मी विचारलं, "नवी रायफल हातात आली तर पहिलं काय करतोस?"

"पाच गोळ्या, साहेब. ग्रुपिंग."

"आणि ग्रुप विखुरला असेल तर?"

तो थांबला. वही माझ्या हातातून घेतली, दोन पानं मागे गेला आणि हसला. "साहेब, ग्रुप आला नाही आणि मी साइट फिरवत बसलोय."

माजी सैनिक वाचकांना हे समजावून सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. पाच गोळ्या एकाच जागी निशाणा धरून झाडायच्या. त्या एकत्र, पण निशाणापासून दूर लागल्या तर रायफलची साइट चुकली आहे, ती फिरवा. पाचही पाच दिशांना गेल्या तर साइटला हात लावायचा नाही. दोष पकडीत, श्वासात, नाही तर ट्रिगरवरच्या बोटात असतो. अशा वेळी साइट फिरवली तर दोष लपतो आणि रायफलही बिघडते.

मग पार्किंगमध्ये आम्ही दिवसभर काम केलं. सरोजिनी मार्केटमधून शिंप्याची मोजफीत आणि न पुसणारं मार्कर आणलं. मोजमापं बोर्डावरच लिहिली. पायाचा शून्य कुठे, पायपट्ट्याचं कोणतं भोक, बूमची खूण डोलकाठीवर कुठे. त्याचा बोर्ड अगदी असाच, तेव्हा खुणा फोटो काढून उचलता येणार होत्या. बूम खांबाला त्याच्या हनुवटीच्या उंचीवर बांधला आणि त्याला हार्नेसमध्ये लटकवलं. दोन्ही हात सोडून बघितलं. दोऱ्या आखूड असल्याने तो बूमला चिकटत होता, त्या तीन बोटं वाढवल्या. दोऱ्या पुढे की मागे, हे मात्र खांब सांगत नाही. शिडातल्या वाऱ्याचा भार कुठे येतो ते पाण्यावरच कळतं. बघणाऱ्यांतल्या एका काकांनी विचारलं, "इसको फाँसी क्यों दे रहे हो?"

शेवटी वहीत नवा नियम लिहिला. एका जुळवणीवर पाच फेऱ्या, मध्ये काही बदलायचं नाही. प्रत्येक पडण्यापुढे लिहायचं: झोत आला तेव्हा, लाटेवर, की वळताना. पाच पडणी पाच तऱ्हेची असतील तर सामानाला हात नाही. पाचातली चार सारखी असतील तर एक गोष्ट बदलायची, एकच, आणि पुन्हा पाच फेऱ्या.

पहिले चार दिवस मुंबईहून फोन आला तो एकाच मजकुराचा: "विखुरलाय, साहेब." पाचव्या दिवसापासून पाय रोज एकाच जागी पडू लागले. मग ग्रुप दिसला. पाचातली चार पडणी दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात, झोत आला की नाक वर जाऊन. आता साइट फिरवायची वेळ होती. पाया दोन सेंटीमीटर पुढे, म्हणजे नाकावर वजन वाढतं. पाच फेऱ्या. मग मागच्या पंखाची पाचर एक पायरी कमी, उचल थोडी घटते. पाच फेऱ्या. मग शिडाला खालची ओढ जास्त, म्हणजे झोत आला की शिडाचा वरचा भाग उघडतो आणि जादा वारा सांडतो.

यात एक हिशेब होता, तो त्याचाच. जोराच्या वाऱ्यात तेच शीड दाबून धरायला ऐंशी किलोच्या वरचा गडी लागतो. पण मंद वाऱ्यात हलका माणूस आधी उचलला जातो, ते त्याला फुकट मिळतं. मग जुळवणी मंद वाऱ्यासाठी कशाला करायची? जिथे आपण कमी पडतो त्या वाऱ्यासाठी करायची. हे मला कोणत्या पुस्तकात सापडलं नव्हतं.

चाचणीच्या दोन्ही दिवशी दुपारी वारा जोराचा होता. सगळ्या शर्यतींत मिळून तो एकदाच पडला. निवड मात्र झाली नाही. त्याच्यापेक्षा पंधरा-वीस किलो जड आणि आठ-नऊ वर्षांनी लहान दोन पोरं सरळ वेगाने पुढे गेली. ग्रुप आला तरी प्रत्येकाच्या रायफलचा पल्ला वेगळा असतो. रात्री फोन आला तेव्हा मी धीराचं काही शोधत होतो. तोच म्हणाला, "साहेब, पहिल्यांदाच हरलो ते कशामुळे हे माहीत आहे. बरं वाटतंय." आता तो पलटणीत सेक्शन चालवतो.

निघण्याआधी त्याने वही केंद्रातच ठेवली. तिथे १९ वर्षांचा एक नवा पोरगा आहे, वजन ६६ किलो. बोटघरातल्या खिळ्याला सुतळीने ती टांगलेली असते आणि तिच्या पुठ्ठ्यावर, त्याच स्वच्छ अक्षरात, एवढंच आहे: पाच फेऱ्या झाल्याशिवाय पाना लावू नये.