सशाचे काळीज

आजारी माणूस कण्हतो, म्हैस हंबरते, कुत्रे कोपऱ्यात जाऊन केविलवाणे पाहते. दुखणे आले की थोडेफार गाऱ्हाणे त्याच्यामागून येतेच. पण गाऱ्हाणे करण्याची विद्याच ज्याला निसर्गाने शिकवलेली नाही, असा एक प्राणी आमच्या घरात नऊ वर्षे राहतो आहे. तो ससा आहे आणि त्याचे नाव बाजीराव. हे नाव माझ्या नातीने ठेवले तेव्हा ती दहा वर्षांची होती. भांड्यावर भांडे आपटले तरी पलंगाखाली दडणाऱ्याला बाजीराव म्हणण्यातला विनोद तिला कळत नव्हता. मला कळत होता, म्हणून मी ते चालू दिले. आज ती वसतिगृहात राहून इंजिनिअर होते आहे, आणि बाजीराव आमच्या, म्हणजे दोन म्हाताऱ्यांच्या, पदरी पडला आहे.

आम्ही निघोज्याला राहतो. इंद्रायणीच्या काठचे हे खेड तालुक्यातले गाव. नदीच्या वरच्या अंगाला देहू, खालच्या अंगाला आळंदी. एके काळी इथे बाजरी आणि कांदा पिके, आता मोटारी पिकतात. सकाळी चारा घेऊन जाणारी सायकल आणि कामगारांना आणणारी बस एकाच वळणावर एकमेकींना वाट देतात. अशा गावात गाईम्हशींच्या दुखण्याला शंभर जाणते मिळतात. लाळ्या-खुरकूत म्हणा, पोटफुगी म्हणा, पारावरचा कोणीही माणूस निदान सांगेल. सशाच्या दुखण्याला मात्र इथल्या बोलीत शब्द नाही.

गेल्या श्रावणातल्या एका संध्याकाळी बाजीरावाने मेथीची काडी हुंगली आणि तशीच टाकली. मी म्हणालो, "वय झालं त्याचं. म्हातारपणी भूक कमी व्हायचीच." हे वाक्य मी मोठ्या समजूतदारपणे उच्चारले आणि वर्तमानपत्र उघडले. दुसऱ्या दिवशी सकाळी हिने मला हाक मारली. पिंजऱ्यातला कागद कोरा होता. ज्याच्या लेंड्या झाडण्याचा मी नऊ वर्षे कंटाळा केला, त्याची एकही लेंडी त्या कागदावर नव्हती. तो पाय पोटाशी घेऊन बसला होता, डोळे अर्धे मिटलेले, आणि दात मात्र करकर वाजत होते. माझ्या समजूतदारपणाने त्याची एक अख्खी रात्र खाल्ली होती.

कपाटात नातवाच्या खोकल्याच्या वेळचे उरलेले औषध होते. मी बाटली काढली. "अहो, माणसाचं औषध ते, त्याला कशाला?" म्हणून हिने ती हातातून काढून घेतली. पुढे डॉक्टरीणबाईंनी त्या बाटलीचे नाव ऐकले आणि सांगितले, की अमॉक्सिसिलिनसारखे औषध पोटात गेले तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतूच मरतात आणि त्यापायी ससाही मरतो. माझी विद्या आणि हिची शंका यांत त्या दिवशी शंकेने जीव वाचवला.

आधी आम्ही जवळच्या गुरांच्या दवाखान्यात गेलो. बाहेर दोन गाई आणि एक शेळी होती. टोपलीतला ससा पाहून शेळीच्या मालकाला हसू आवरेना. तिथल्या डॉक्टरांनी बैलाच्या छातीला लावायची नळी बाजीरावाच्या पोटाला लावली, बराच वेळ ऐकले आणि म्हणाले, "गुरुजी, पोट अगदी गप्प आहे. मी आयुष्यभर बैल पाहिले. अंदाजानं काही टोचणार नाही. याला सशांचं जाणणाऱ्याकडेच न्या, आणि आजच न्या." आपल्याला काय येत नाही हे इतक्या सरळपणे सांगणारी माणसे मी शिक्षण खात्यात फार पाहिली नाहीत.

टोपली घेऊन घरी आलो तर दारात तात्या उभे. त्यांच्या जमिनीवर आता कारखान्याची भिंत आहे. ते म्हणाले, "गुरुजी, एवढ्या पैशांत दोन शेळ्या येतील की!" मला उत्तर सुचले नाही, कारण हिशेब बरोबर होता.

कुरुळीवरून आम्ही नाशिक रस्त्याला लागलो. मोशीच्या पुलावर कंटेनरांची रांग थांबली आणि आमची रिक्षाही थांबली. टोपली माझ्या मांडीवर होती. मी आत हात घातला तर कान गार लागले. तळहाताखाली त्याचे काळीज इतक्या वेगाने चालले होते, की ठोके मोजावेत म्हटले तर मोजता येईनात. भित्र्या माणसाला आपण सशाच्या काळजाचा म्हणतो. पण घार, कोल्हा, साप अशा साऱ्यांनी ज्याच्यावर नजर ठेवली, त्याने दुखणे दाखवले तर तो त्याच क्षणी कोणाचे तरी भक्ष्य होणार. लपवणे हेच त्याचे शस्त्र. त्याच्या मुकेपणाला भित्रेपणा म्हणणारे आपण कधी सशाच्या जागी बसलोच नाही. जातकात एक ससा आहे. दारी आलेल्या याचकाला द्यायला काही नाही म्हणून तो स्वतःच आगीत उडी घेतो, आणि त्याची खूण म्हणून चंद्रावर सशाची आकृती उमटते. आपण चंद्राला शशांक म्हणतो आणि भित्र्याला ससा म्हणतो. दोन्ही एकाच तोंडाने.

पुण्याच्या अंगाला असलेल्या त्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई माझ्या नातीहून दहाएक वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी बाजीरावाला टॉवेलात असे गुंडाळले, की त्याला लाथ झाडता येऊ नये; सशाची हाडे हलकी आणि मागचे पाय जोरकस, त्यामुळे भलत्या झटक्याने त्याचा स्वतःचाच कणा मोडतो. मग त्यांनी बारीक दिव्याच्या नळीतून तोंडात पाहिले आणि मलाही दाखवले. दाढेची एक धारदार कड आत वळली होती आणि तिने जीभ कापली होती. सशाचे दात जन्मभर वाढतात. ते झिजायला रोज भरपूर वाळलेले गवत लागते. "आजोबा, काय घालता याला?" त्यांनी विचारले. मी पाव, बिस्किटे आणि पोळी यांची यादी सांगितली. मी ज्याला लाड म्हणत होतो तो सारा त्या यादीत होता. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

त्या म्हणाल्या, आधी ऊब, सलाइन आणि वेदना कमी करणारे औषध. मग भूल देऊन दाढ घासावी लागेल. नऊ वर्षांच्या सशाला भूल देणे जोखमीचे, आणि न देणे म्हणजे उपासमार. सशाला ओकता येत नाही. पोट थांबले की ते पुढे ढकलल्यावाचून उपाय नाही, आणि उपास लांबला की यकृत बिघडते. "आणखी एक सांगते," त्या म्हणाल्या, "वय झालंय हे खरं, पण वय हा आजार नाही. दाढ हा आजार आहे."

हे ऐकून मी चपापलो. गेल्याच महिन्यात माझा गुडघा पाहून एकाने "वयाप्रमाणे चालायचंच" म्हटले होते आणि मी घरी येऊन दोन दिवस धुसफुसत होतो. तेच वाक्य मी बाजीरावाला ऐकवून वर्तमानपत्र उघडले होते.

नातीला फोन लावला. ती थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "आजोबा, तो तुमच्याजवळ आहे. तुम्हाला त्याच्याकडे बघून काय वाटतं ते करा." मी सही केली. माझ्या स्वतःच्या मोतीबिंदूच्या कागदावर सही करताना हात कापला नव्हता, तो तेव्हा कापला.

बाहेरच्या बाकावर बसून मला परळचे साकरबाई पेटिट रुग्णालय आठवले. सर दिनशा पेटिट यांनी आपल्या पत्नीच्या नावाने १८८३ साली ते जनावरांसाठी उभारले. १८८६ साली तिथेच पशुवैद्यकाचे महाविद्यालय निघाले. तेव्हा मुंबईच्या ट्रामगाड्या घोडे ओढत. त्या काळीही कोणीतरी हिशेब मांडला असेल, की थकलेल्या घोड्यावर खर्च करण्यापेक्षा नवा घोडा स्वस्त पडतो. हिशेब तेव्हाही बरोबरच असणार. पण सगळे बरोबर हिशेब पाळले असते, तर जगात एकही दवाखाना उभा राहिला नसता.

बाजीराव भुलीतून जागा झाला. पण खरी परीक्षा घरी होती. दर चार तासांनी गवताच्या भुकटीची पातळ पेज सुईविना पिचकारीने तोंडाच्या कडेतून थेंब थेंब द्यायची. रात्री दोनचा गजर माझा, सहाचा हिचा. पहिल्या रात्री त्याने पेज माझ्या सदऱ्यावर उडवली. दुसऱ्या रात्री तो माझ्या मांडीवर निमूट बसला, आणि त्या निमूटपणाचीच मला जास्त भीती वाटली. आमच्यात पंचेचाळीस वर्षांत बोलायचे राहून गेलेले पुष्कळ काही मी आणि ही त्या चार रात्री पिचकारी भरता भरता बोललो.

तिसऱ्या दिवशी दार वाजले. तात्या होते. हातात ताज्या हरळीची पेंडी. म्हणाले, "बांधावर औषध मारलेलं न्हाई तिथली हाय." मग ओट्यावर टेकून त्यांनी आपल्या शेवटच्या बैलाची गोष्ट सांगितली. जमीन गेली, नांगर अडगळीत गेला, तरी तो बैल त्यांनी विकला नाही. तो आजारी पडला तेव्हा ते तीन रात्री गोठ्यातच निजले. "किती खर्च आला?" मी विचारले. ते हसले. "गुरुजी, कोण मोजतंय!"

चौथ्या पहाटे ही मला हलवून उठवू लागली. माझ्या पोटात धस्स झाले. "अहो, उठा, बघा तरी!" कागदावर पाच लेंड्या होत्या. लहान, वेड्यावाकड्या, पण पाच. आमच्या मुलाच्या पहिल्या पगाराच्या वेळी आम्ही जसे एकमेकांकडे पाहिले होते, तसेच त्या लेंड्यांवरून पाहिले. बाजीरावाने तात्यांच्या हरळीची एक काडी दातांत धरली आणि ती हळूहळू आत जाऊ लागली.

डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवले आहे, की दाढ पुन्हा वाढणार, काही महिन्यांनी पुन्हा यावे लागणार. एखाद्या खेपेला तो परत येणार नाही, हेही मला माहीत आहे. पाव-बिस्किटे बंद झाली आहेत. घरात गवताचा वास येतो. यंदा दिवाळीला नात येणार आहे. फटाके वाजू लागले की बाजीराव पलंगाखाली जाईल, आणि मी दारे-खिडक्या लावून त्याच्याजवळ जमिनीवर बसेन. गुडघा दुखेल. दुखला तर कण्हेन. मला ते येते.