शेजाऱ्यांचे सण आणि आमचा धर्मशिक्षणाचा वर्ग

मुलांना सण म्हटला की आधी सुट्टी आठवते. चतुर्थीची सुट्टी, ईदची सुट्टी, नाताळची सुट्टी. शाळेच्या दिनदर्शिकेत सगळ्या तारखा सारख्याच तांबड्या असतात. सुट्टीच्या मागे कुणाची तरी प्रार्थना उभी असते, हे मुलांना कुणीतरी सांगावे लागते. ते काम शाळेचे की आमचे, यावर आम्हां धर्मशिक्षकांत बरीच चर्चा झाली. शेवटी ठरले की वर्षातले काही रविवार मिस्सानंतरच्या वर्गात इतर धर्मांचे पवित्र दिवस समजावून सांगायचे.

केरीसारख्या गावात हा विषय पुस्तकातून आणावा लागत नाही. पेडणे तालुक्यात आपण ख्रिस्ती संख्येने थोडे. फेरीबोटीने तेरेखोल नदी ओलांडली की किल्ल्यात संत आंतोनीचे चर्च, आणि अलीकडे गावात आजोबा देवस्थानाची जत्रा. आमची मुले शाळेत ज्याच्या शेजारी बसतात तो हिंदू असतो. त्याच्या घरच्या नेवऱ्या त्यांनी खाल्लेल्या असतात आणि आपल्या घरचा दोदोल त्याने.

सुरुवात आम्ही चंद्रापासून केली, कारण समुद्रकाठच्या मुलांना चंद्र वेगळा शिकवावा लागत नाही. पुनवेला उधाण येते, भरती-सुकतीवर होडीचे गणित चालते, हे ती घरीच शिकतात. फळ्यावर 2025 सालच्या तारखा लिहिल्या. 12 एप्रिलला हनुमान जयंती, म्हणजे चैत्री पुनव. त्याच संध्याकाळी यहुदी लोकांचा वल्हांडण सण सुरू झाला. दुसऱ्या दिवशी, 13 तारखेला, आपला झावळ्यांचा रविवार आणि 20 एप्रिलला ईस्टर. मुले तारखांकडे बघत राहिली. ईस्टर दरवर्षी पुढेमागे का होतो, हे त्यांना तेव्हा कळले: 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पुनवेनंतरचा पहिला रविवार म्हणजे आपला पुनरुत्थानाचा सण. प्रभू येशू वल्हांडणासाठी यरुशलेमला गेला होता, म्हणून आपला सर्वांत मोठा सण आजही त्या पुनवेला बांधलेला आहे.

येशू स्वतः सण पाळणारा यहुदी होता, हे मुलांना नवे वाटते. मंडपांच्या सणाला तो मंदिरात शिकवत होता, आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात पुनःस्थापनेच्या सणात, हिवाळ्यात, तो शलमोनाच्या देवडीत फिरत होता. त्याच सणाला आज हनुक्का म्हणतात. आणि यहुदी म्हणजे कुणी दूरदेशीचे लोक नव्हेत. कोकणात अलिबागच्या बाजूला बेने इस्रायल लोक पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत राहिले. ते तेलाचे घाणे चालवत आणि शब्बाथ पाळायचा म्हणून शनिवारी घाणा बंद ठेवत. गावकऱ्यांनी त्यांचे नावच ठेवले ‘शनिवार तेली’. शब्बाथवर आम्ही तासभर बोललो असतो तरी या दोन शब्दांइतका तो मुलांच्या लक्षात राहिला नसता.

त्याच वर्षी भारतात रमझान 2 मार्चला सुरू झाला आणि 5 मार्चला आपला राखेचा बुधवार होता. दोन्ही उपवास एकाच महिन्यात आले. मुलांचा पहिला प्रश्न, पाणीसुद्धा नाही? नाही, पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंबही नाही. यावर एक मुलगा म्हणाला, मग आपला उपवास फारच सोपा आहे. त्याचे म्हणणे आम्ही खोडून काढले नाही. वर्षातून दोन दिवस एकदाच पोटभर जेवायचे आणि त्यातही सवलती शोधायच्या, अशा आपल्यासारख्या मोठ्यांना ते ऐकायलाच हवे होते.

पण सगळे इतके सरळ नाही. आमच्या वर्गातल्या एका मुलाची आई भेटायला आली. म्हणाली, “टीचर, आपली मुलं आधीच थोडी. तुम्हीच त्यांना सगळ्यांचे देव शिकवलेत तर ती आपली राहतील का? उद्या म्हणतील, सगळं एकच.” ही भीती पोकळ नाही. बहुसंख्य लोकांत राहणाऱ्या छोट्या समाजाला आपली ओळख रोज जपावी लागते.

आणि ‘सगळे एकच’ असे आम्ही शिकवतही नाही. तसे म्हणणे प्रेमळ वाटते, पण त्यात शेजाऱ्याचाही मान राहत नाही. मुसलमान बांधवासाठी कुराण जे आहे ते आपल्यासाठी नाही, आणि आपल्यासाठी क्रूसावरचा ख्रिस्त जो आहे तो त्याच्यासाठी नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी ‘नॉस्त्रा एताते’ हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. परिषदेच्या सोळा दस्तऐवजांत तो सर्वांत छोटा. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे तो सांगतो आणि ख्रिस्ताची घोषणा करणे हे आपले कर्तव्य असल्याचेही त्याच परिच्छेदात सांगतो. आम्ही त्या आईला दोन्ही गोष्टी वाचून दाखवल्या. तिचे समाधान झाले असे म्हणता येणार नाही. मुलगा वर्गाला येतो, पण या विषयाच्या रविवारी ती त्याला मिस्सानंतर घरी नेते. तो तिचा अधिकार आहे.

तिने विचारलेला दुसरा प्रश्न मात्र सगळ्याच मुलांचा आहे: प्रसाद घ्यायचा का? करिंथच्या लोकांनी जवळजवळ हेच संत पौलाला विचारले होते. पहिल्या पत्राच्या आठव्या आणि दहाव्या अध्यायांत पौल सरळ हो किंवा नाही म्हणत नाही. अन्नामुळे आपण देवाच्या जवळ जात नाही की दूरही जात नाही, पण माझ्या खाण्याने दुबळ्या भावाचा विवेक अडखळत असेल तर मी थांबावे. आणि प्रभूच्या मेजावर बसणाऱ्याला दुसऱ्या पूजेत वाटेकरी होता येत नाही. आम्ही मुलांना सांगतो, शेजाऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून जा, भक्त म्हणून नव्हे. फराळाला बसा. पूजेतला प्रसाद घ्यायचा की नाही हे घरी आईवडिलांना विचारा, आणि नको असेल तर हात जोडून सांगा, तोंड वाकडे करून नव्हे.

आपल्या भागात याहून अवघड गोष्ट आहे ती सात बहिणींची. शिरगावची लइराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई या बहिणी, आणि त्यांचीच एक बहीण मिराबाई म्हणजे म्हापशाची मिलाग्रीस सायबीण, अशी लोकांची श्रद्धा. परंपरेने लइराईकडून सायबिणीच्या फेस्ताला तेल येते आणि सायबिणीकडून जत्रेला मोगरीची फुले जातात. मुले विचारतात, हे खरे का? पवित्र मरिया ही नासरेथची कुमारी, आपल्या प्रभूची आई, ती कुणा देवीची बहीण नव्हे, हे आम्ही स्पष्ट सांगतो. आणि शेजाऱ्यांनी तिला बहीण मानून तेल आणावे, या प्रेमाला आम्ही हसत नाही, मुलांनाही हसू देत नाही.

2025 साली लइराईची जत्रा 2 मेला होती. होमकुंडातून जाणाऱ्या धोंडांची आणि भाविकांची गर्दी झाली, आणि 3 मेच्या पहाटे चेंगराचेंगरीत माणसे दगावली. सायबिणीचे फेस्त सोमवारी, 5 तारखेला होते. मधल्या रविवारी, सुट्टीमुळे वर्ग बंद असूनही, काही मुले मिस्सानंतर थांबली. एकाने विचारले, दुसऱ्या धर्माच्या मेलेल्यांसाठी आपण प्रार्थना करू शकतो का? गुड फ्रायडेच्या दहा प्रार्थना आम्ही त्यांना आठवून दिल्या: यहुद्यांसाठी, ख्रिस्तावर श्रद्धा नसलेल्यांसाठी, देवच न मानणाऱ्यांसाठी. वेदीसमोर सारे बसले. एका मुलीने वर्तमानपत्रातली मृतांची नावे वहीत उतरवून आणली होती. ती एकेक नाव वाचत गेली. एका नावाशी तिचा आवाज अडला, तेव्हा शेजारच्या मुलाने ते वाचले आणि वही परत तिच्या हातात दिली.