रेवदंड्याचा रशियन

नाक नाही, डोळे नाहीत, दाढी तर नाहीच. रेवदंड्याच्या एका शाळेच्या आवारात तो उभा आहे, काळा आणि वर निमुळता होत गेलेला. २००२ साली इथे आला तेव्हापासून पोरांचा कल्ला ऐकतोय.

अफनासी निकितिनच्या नावाचा हा स्तंभ. त्वेर गावचा हा रशियन व्यापारी १४७०च्या आसपास चौल बंदरात उतरला, वास्को द गामाच्या पाव शतक आधी. त्वेरला व्होल्गाकाठी त्याचा भला थोरला पुतळा आहे, चांगला दाढीवाला. ती दाढी शिल्पकाराची. निकितिन दिसायचा कसा, कुणालाच ठाऊक नाही. त्या हिशेबाने आमचा बिनचेहऱ्याचा गडीच खरा.

त्याला भेटायला एकट्यानेच मोटारसायकल काढावी. अलिबाग, नागाव, चौल. दुतर्फा नारळी-पोफळीच्या वाड्या, वाटेल तिथे थांबावं, कुणी घाई करत नाही.

स्तंभ अबोल, पण ज्याच्या नावाने उभा आहे तो भारी कुरकुऱ्या. विकायला आणलेला घोडा जुन्नरच्या असदखानाने काढून घेतला. मुसलमान हो, घोडा परत देतो, वर हजार मोहरा. नाहीतर घोडा गेला आणि दंडही भर. मुदत चार दिवस. एका खुरासानी ख्वाजाने रदबदली केली म्हणून धर्मही राहिला, घोडाही. तो पुढे बिदरला विकला. आपल्या मुलखाच्या कामाचा माल इथे नाही, असं स्वारीने लिहून ठेवलंय. परतताना दाभोळहून जहाज धरलं, पण त्वेर काही गाठता आलं नाही. वाटेत स्मोलेन्स्कजवळ मरण आलं. धंद्यात असा हात पोळलेल्या माणसाचं स्मारक व्हावं, याचं मला फार अप्रूप. जिंकायला आलेल्या पोर्तुगीजांचा कोट याच गावात ढासळत पडलाय.

जाईन तिथे लोक मागे लागतात, गोऱ्या माणसाचं नवल करतात, अशीही त्याची नोंद आहे. आता मधल्या सुट्टीत एक पोरगा स्तंभाआड लपला होता, दुसरा त्याला शोधत होता. नवल कुणालाच नव्हतं.

मी शिपायाला म्हटलं, "मामा, याच्या शेजारी घोडा पाहिजे होता."

"नको हो," तो म्हणाला, "पोरं दिवसभर खाली उतरायची नाहीत."