गरम तेल नको

मालीश म्हटलं की आपल्याकडे गरम तेल आलंच. बाळंतीण असो, बाळ असो की गुडघे धरलेली आजी, तेल कोमट करायचं, जिरेपर्यंत रगडायचं आणि वर शेक द्यायचा. मल्टिपल स्क्लेरॉसिसचा, म्हणजे एम.एस.चा पेशंट माझ्याकडे येतो तेव्हा घरचे हीच अपेक्षा घेऊन येतात. आधी ती मोडावी लागते.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरच्या मायेलिनच्या आवरणावरच हल्ला करते. आवरण झिजलेल्या नसेतून संदेश कसाबसा जातो, आणि अंग थोडं तापलं तरी तोही अडखळतो. व्यायाम केल्यावर अशा पेशंटची नजर धूसर होते, हे उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी १८९० मध्येच नोंदवून ठेवलं. अंग निवलं की बहुधा ती पूर्ववत होते. पण तेवढ्या वेळात माणूस पडू शकतो. म्हणून माझ्या खोलीत पंखा चालू असतो, तेल न तापवलेलं, आणि एप्रिल-मेमध्ये मी सकाळचीच वेळ देते.

खरी परीक्षा पोटरीची. एक शिक्षिका येतात. त्यांचा डावा पाय ताठरतो. चवडा पटकन वर ढकलला तर घोटा थडथड उडायला लागतो, थांबतच नाही. तिथे जोर लावला की स्नायू आणखी आवळतो. मी गुडघ्याखाली उशी सारते, टाच तळहातावर घेते आणि चवडा अगदी सावकाश वर आणून तसाच धरून ठेवते. दुसरा हात पोटरीवर नुसता टेकलेला. थोड्या वेळाने आतून काहीतरी सैल होतं. मग लांब, संथ हात. थोपटणं, चापट्या मारणं बिलकूल नाही.

त्यांच्या पावलाला बधिरपणा आहे. “ताई, दुखतंय का?” याला त्यांचं उत्तर नेहमी “नाही” असतं, आणि त्या उत्तरावर विसंबून दाब वाढवणं धोक्याचं. तिथे माझे डोळेच कामी येतात: कातडीचा रंग, आखडलेली बोटं, चेहरा.

मालिशीने मायेलिन परत येत नाही. तसं सांगणाऱ्यापासून दूरच राहावं. दुखणं, ताठरपणा, थकवा काही काळ हलका होतो, झोप बरी लागते, आणि माझ्या मते हे थोडं नाही. या माणसांना वर्षानुवर्षं हात लागतो तो तपासायला, टोचायला, उचलून ठेवायला. काहीही न मागणारा हात त्यांच्या वाट्याला फार कमी येतो. मी कितीतरी पेशंटना टेबलावर पडल्या पडल्या रडताना पाहिलंय. अशा वेळी मी बोलत नाही, हातही थांबवत नाही.

घरी करणार असाल तर आधी न्यूरॉलॉजिस्टना विचारा, औषधं चालूच ठेवा. इंजेक्शनच्या जागा चोळू नका. आजार नव्याने उसळला असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत थांबा. स्टेरॉइड बरेच दिवस घेतलं असेल तर हाडं ठिसूळ झालेली असू शकतात, दाब हलकाच ठेवा. आणि एकाच पायाची पोटरी सुजून गरम लागली, तर तिला हात लावू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.