सुई, दवाखाना आणि आपली मुलं



"गप्प जेव, नाहीतर डॉक्टरांना सांगून मोठी सुई टोचायला लावीन!" हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. जेवत नाही, झोपत नाही, अभ्यास करत नाही, की लगेच सुईचा धाक. पण ज्या मुलाला खरोखरच दर महिन्याला सुई टोचून घ्यावी लागते, त्याने यातून काय समजायचं? आपण काहीतरी वाईट वागलो म्हणून ही शिक्षा, असंच ना?

माझ्या दुसरीच्या वर्गात एक मुलगा आहे. त्याला थॅलेसेमिया मेजर आहे. हा आजार आई-वडिलांकडून जन्मतःच येतो. शरीरात हिमोग्लोबिन नीट तयार होत नाही, म्हणून साधारण दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. सारखं रक्त चढवल्याने शरीरात लोह साठतं, ते बाहेर काढण्यासाठी वेगळं औषध. म्हणजे दवाखाना हा त्याच्यासाठी एका दिवसाचा प्रश्न नाही.

त्याची आई एकदा म्हणाली, "बाई, दवाखान्याचं नाव काढलं की हा आदल्या रात्री जेवतच नाही. म्हणून आम्ही सांगतच नाही. मामाकडे जायचंय म्हणून एसटीत बसवतो." झालं काय, तर पोरगं मामाच्या गावालाही जाईना! एके दिवशी त्याने आईला विचारलं, "मी काय केलंय गं?" हे सांगताना तिचा आवाज भरून आला. पहाटेची गाडी, दिवसाची बुडालेली मजुरी, घरी आजीजवळ ठेवलेली मोठी मुलगी. त्या माऊलीला दोष कसा द्यायचा?

मग आम्ही दोघींनी बसून काही गोष्टी ठरवल्या. त्यातल्या उपयोगी पडलेल्या इथे देते.

१) खरं सांगा, थोडक्यात सांगा. "अजिबात दुखणार नाही" असं म्हणू नका. "थोडं टोचेल, मग थांबेल, मी जवळच आहे" एवढं पुरे. आणि "तुझी काही चूक नाही" हे न विचारताही पुन्हा पुन्हा सांगा.

२) छोटी निवड मुलाच्या हातात द्या. सुई कोणत्या हाताला, हे सिस्टरना शीर बघूनच ठरवावं लागतं. पण आईच्या मांडीवर बसायचं की कॉटवर, सुईकडे बघायचं की खिडकीकडे, आकडे मोजायचे की लांब फुंकर मारायची, हे मूल ठरवू शकतं.

३) खेळू द्या. आम्ही वर्गात 'दवाखाना' मांडला. बाहुली पेशंट, हा डॉक्टर. बाहुलीला तो म्हणाला, "रड, रडलं तरी चालतं." मुलांच्या मनातलं असं खेळातूनच बाहेर येतं.

४) वर्गाशी बोला, पण पालकांना विचारूनच. "त्याच्याजवळ बसू नको, तुला होईल" अशी कुजबुज सुरू झाली होती. हा आजार स्पर्शाने, डबा वाटून खाल्ल्याने पसरत नाही, हे मुलांना साध्या भाषेत सांगितलं. आता तो नसला की शेजारचा मित्र त्याच्यासाठी गृहपाठ लिहून ठेवतो.

५) भावंडांना विसरू नका. त्याची ताई चौथीत आहे. सोमवारी सोमवारी तिचं पोट दुखायचं. घरात सगळ्यांचं लक्ष भावाकडे, मग तिने कुणाला सांगायचं? आता आई रोज रात्री दहा मिनिटं फक्त तिच्यासाठी ठेवते.

६) पालकांना माहिती द्या. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात थॅलेसेमियाचा समावेश आहे, हे बऱ्याच घरांना माहीतच नसतं.

शिक्षकांसाठी आणखी एक. दहा वर्षांच्या मुलांना शाळेत टीडीची लस देतात, तेव्हा सर्वात घाबरलेल्या मुलाला रांगेत शेवटी उभं करू नका. इतरांचं रडणं बघून भीती वाढतच जाते. त्याचा नंबर लवकर घ्या आणि "कसा घाबरला बघा" असं कुणाला म्हणू देऊ नका.

एखादं मूल अंथरूण ओलं करू लागलं, बोलेनासं झालं, झोपेत दचकू लागलं आणि हे काही आठवडे टिकलं, तर डॉक्टरांशी जरूर बोला. टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळतं. आई-बाबांनो, हा क्रमांक तुमच्यासाठीही आहे हं! थकलेल्या आईला आधार मिळाला, की मुलालाही तो पोचतो.

तो मुलगा सुई टोचताना आजही रडतो. पण आता कुठे जायचंय हे त्याला माहीत असतं, आणि आदल्या रात्री तो जेवतो. आमच्यासाठी हे खूप आहे.

तुमच्या वर्गात वारंवार गैरहजर राहणारं एखादं मूल असेल, तर हजेरीपटावर गैरहजेरी मांडण्याआधी एकदा त्याच्या घरी जाऊन या.